रिकाम्या चौकटींचा पावसाळा : प्रकल्प नोंदी

काम : सातेरी मधमाश्यांच्या सहा पेट्यांतल्या, पोळं असलेल्या जास्तीच्या चौकटी आगोटीपासून (पावसाळा तोंडावर येतो ते दिवस) काजूच्या मोहोरापर्यंत सांभाळणे
ठिकाण : गुहागर तालुका, समुद्राच्या वाऱ्यावरचं कौलारू घर

११ मे २०२५

मोसमाचा शेवटचा मध काढून झाला. जांभूळ आणि करंज मिसळलेला, गडद. सहा पेट्यांवरच्या मधाच्या कोठ्यांतून ४२ चौकटी निघाल्या. मधयंत्रातून बाहेर आल्या तेव्हा सगळ्या चिकट, ओल्या. तिन्हीसांजेला ज्याच्या त्याच्या पेटीवर परत चढवल्या. उरलासुरला मध माशा स्वतःच चाटून घेतात आणि चौकट कोरडी करून देतात. हे काम दिवसाढवळ्या करू नये, आणि ओल्या चौकटी खळ्यात उघड्यावर तर मुळीच ठेवू नयेत. एकदा वास सुटला की पेट्यापेट्यांत लुटालूट लागते, त्यात दुबळी वसाहत मरते.

दुसरं काम खालच्या कोठीचं, जिथे पिलावा म्हणजे माश्यांची अंडी-पिल्लं वाढतात. आमच्या आठ चौकटींच्या पेट्या, म्हणजे भारतीय मानकातला ए प्रकार. पिलावाच्या चौकटीचं आतलं माप २१० बाय १४५ मिलिमीटर, मधाच्या चौकटीचं २१० बाय ६५. उन्हाळ्यात आठही पोळ्यांवर माशा दाट असतात. पावसाळ्यात फुलोरा नाही, बाहेर पडायला सवड नाही, राणीची अंडी कमी, त्यामुळे वसाहत चार-पाच पोळ्यांवर येते. बाकीची पोळी आत ठेवली तर त्यांवर पहारा करायला माश्या पुरत नाहीत आणि तिथे मेणकिडा शिरतो. सातेरी त्या बाबतीत हट्टी नाही, किड्याशी झुंजत बसत नाही. पेटी सोडून सरळ निघून जाते. म्हणून जास्तीची पोळी आगोटीआधीच काढायची. अशी २२ निघाली.

म्हणजे एकूण ६४ चौकटी आणि पुढे निदान सहा महिने.

चौकटी हिवाळ्यात कशा ठेवाव्यात यावर बाहेरदेशी भरपूर लिहिलेलं आहे. ते वाचायला चांगलं, पण आपल्याला उलटं लावावं लागतं. तिकडे थंडीच राखण करते. कोठ्या एकावर एक रचून थंड पडवीत ठेवल्या की मेणपतंगाची (मेणकिडा म्हणजे त्याचीच अळी) वाढ थांबते, बर्फ पडला तर अंडी-अळ्या मरूनही जातात. आपल्याकडे चौकटी रिकाम्या होतात नेमक्या जूनमध्ये. हवा गरम, ओल भिंतीतून पाझरणारी. पतंगाला याहून चांगला मोसम नाही, आणि बुरशीलाही. थंडीत तरी काय, गुहागरला पहाटे अंगावर चादर घेतो तेवढंच. त्याने अळी मरत नाही.

१५ मे

निवड. सगळा दिवस यातच गेला.

प्रत्येक चौकट सूर्याकडे धरून बघितली. मधाच्या कोठीतली पोळी पिवळसर पांढरी, उजेड आरपार येतो. त्यांत पिलावा कधी वाढलेला नाही. पिलावाच्या पोळ्यांचं तसं नाही. एकेका घरात पिल्लांच्या पिढ्यांवर पिढ्या वाढतात आणि प्रत्येक पिल्लू आपल्या कोषाचं अस्तर मागे सोडून जातं. वरून परागाचे थर. पोळं आधी तपकिरी होतं, मग काळं, घरं आतून लहान होत जातात. मेणकिड्याच्या अळीला हवं असतं ते हेच. निव्वळ मेणावर ती नीट वाढत नाही. कोषांचं अस्तर आणि पराग यांतून तिला प्रथिनं मिळतात. पोळं बांधायला आधार म्हणून चौकटीत लावतात तो कोरा मेणपत्रा महिनोन्‌महिने पडून राहिला तरी बहुधा शाबूत असतो तो याचमुळे.

तेव्हा नियम असा ठेवला : उजेड आरपार गेला तर ठेवायचं, नाहीतर वितळवायचं. काठावरच्या चौकटींसाठी दुसरा नियम, परागाची घरं चारदोन बोटांहून जास्त असली तरी वितळवायचं. पराग ओल धरतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

पेटी क्रमांक ४ मधली पोळी कशीही दिसली तरी ठेवली नाहीत. गेल्या वर्षी तिच्यात काही पिल्लं पिशवीसारखी फुगून मेलेली आढळली होती. नंतर वसाहत सावरली, पण केरळात १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड या विषाणूने सातेरीच्या वसाहतींचा जो फडशा पाडला तो मधपाळांना ठाऊक आहे. संशयाचं पोळं एका पेटीतून दुसरीत फिरवणं हा रोग पसरवण्याचा सोपा मार्ग. त्या पेटीपुरतं सगळं मेण वितळलं, लाकूड उकळत्या सोड्याच्या पाण्यात.

राहिलं ते : मधाच्या ३०, पिलावाच्या ९. पिलावाच्या नऊ ठेवाव्यात की नाही यावर घरात वाद झाला. आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, म्हणणं, "काळं पोळं कशाला जपतेस गो? माश्या नवं बांधतील की." त्यांनी पेटी कधी उघडलेली नाही, पण भिंतीतलं मोहोळ त्यांनी लहानपणापासून पाहिलंय. त्या म्हणतात ते खरंही आहे. सातेरी जुनं पोळं कुरतडून टाकते आणि नवं बांधते, ती तिची सवयच. पण मेण फुकट होत नाही. एक किलो मेणासाठी माश्या साधारण सहा ते आठ किलो मध खातात असा हिशेब मधपालनाच्या पुस्तकांत देतात. ऑक्टोबरात वसाहत अशक्त असताना तिला तयार पोळं दिलं तर ते बळ पिलाव्यावर खर्च होईल, असा माझा विचार. म्हणून नऊ ठेवल्या. बघू.

१७ मे

मेण वितळवणं. काळी पोळी जुन्या सुती साडीच्या पिशवीत बांधून स्टीलच्या पातेल्यात, पाण्यात बुडवून, मंद आचेवर. पातेलं लोखंडी किंवा तांब्याचं घेऊ नये, मेणाचा रंग काळवंडतो. मेण ६२ ते ६४ अंशांच्या आसपास वितळतं, तेव्हा पाणी खळखळ उकळायची गरज नाही. पिशवी लाकडी पळ्यांनी दाबत राहायचं. रात्रभर निवू दिलं की वर मेणाची चकती. आत उरतो तो चोथा, कोषांच्या अस्तराचा. पोळं जितकं जुनं तितका चोथा जास्त आणि मेण कमी.

चकतीतला एक तुकडा आईंनी आधीच उचलला. कोकमाच्या तेलात घालून टाचांच्या भेगांना लावायला.

२१ मे

पाऊस. वळवाची सर नव्हे, दोन दिवस धरून बसलेला पाऊस.

मूळ बेत उन्हाचा होता. पत्र्याच्या काळ्या पेटीत चौकटी ठेवून आतलं तापमान ४६ ते ४९ अंशांवर तासभर धरलं तर मेणकिडा अंड्यासकट मरतो. ४६ ला सव्वा तासाहून थोडं जास्त, ४९ ला चाळीस मिनिटं. फार जपून करायचं काम, कारण पन्नाशीच्या पुढे पोळं मऊ पडून चौकटीतून ओघळतं. पण त्यासाठी मे महिन्याचं ऊन तरी हवं ना! तिसऱ्या आठवड्यात खळ्यात पाणी साचलंय आणि अजून लाकडं भरायची आहेत, मिरची वाळायची आहे, सोडे-जवळा माळ्यावर जायचा आहे. गावातल्या प्रत्येक घरी आज हीच रड.

चौकटी सध्या माजघरात, जुन्या पातळाखाली.

२६ मे

मोसमी पाऊस काल देवगडपर्यंत आला होता, आज मुंबईत पोचल्याची बातमी. मुंबईत त्याची नेहमीची तारीख ११ जून, इतक्या लवकर तो गेल्या पंचाहत्तर वर्षांत कधी आला नव्हता. उन्हाचा बेत बाद.

पर्यायांवर बसून विचार केला.

गंधक. जुना, ठाऊक असलेला उपाय. कोठ्या रचून सर्वांत वर रिकाम्या कोठीत गंधक पेटवायचा. धूर हवेहून जड असल्यामुळे खाली उतरतो. अळ्या आणि पतंग मरतात, अंडी मरत नाहीत, त्यामुळे दोनेक आठवड्यांनी परत करावं लागतं. धूर विषारी, घरात चालत नाही, आणि बाहेर करायला कोरडी जागा नाही. शिवाय दमट हवेत त्या धुराचं आम्ल होतं आणि चौकटीतल्या तारा गंजतात. यंदा नको.

डांबरगोळ्या. गावात दोघांतिघांनी हेच सुचवलं. नाही म्हणजे नाही. मेण तो वास शोषून घेतं आणि सोडत नाही, पुढच्या मोसमाच्या मधात तो उतरतो. कपड्यांच्या पेटीतली वस्तू खाण्याच्या पोळ्यात कशी चालेल?

कडुनिंबाचा पाला. घालणारे घालतात. पण या ओलीत चार दिवसांत पालाच बुरशीने पांढरा होतो, आणि आपण पोळ्याशेजारी बुरशी नेऊन ठेवल्यासारखं होतं. वेखंडाबद्दलही माझं मत फारसं वेगळं नाही.

थंडी. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा माशांनी (समुद्रातल्या) भरलेला. पण समुद्राकडच्या रस्त्यावर काकांचं सरबत-आइस्क्रीमचं दुकान आहे. पर्यटक गेले, दुकान बंद, मोठा आडवा फ्रीझर धुऊन उलटा करून ठेवलाय. संध्याकाळी छत्री घेऊन गेले. काका म्हणाले, "सूनबाई, माश्या नाहीत ना आत? मग ने. लाइटबिलाचं बघू मग मधात." ठरलं.

१ जून

सगळ्या ३९ चौकटी फ्रीझरात.

आकडे असे : उणे ७ अंशांवर साडेचार तास, उणे १२ वर तीन तास, उणे १५ वर दोन तास. एवढ्यात मेणपतंगाच्या सगळ्या अवस्था मरतात, अंडीसुद्धा. आइस्क्रीमचा फ्रीझर उणे १८ च्या आसपास चालतो, म्हणजे कागदावर दोन तास पुष्कळ. पण हे तास पोळं स्वतः त्या तापमानाला आल्यावर मोजायचे. दाटीने भरलेल्या खोक्याच्या मध्यापर्यंत गारठा पोचायलाच अर्धा दिवस जातो, पराग असलेल्या पोळ्यात त्याहून जास्त. आणि आपल्याकडे पावसाळ्यात लाइट भरवशाची नाही. म्हणून तासांचा हिशेब सोडून दोन पूर्ण दिवस ठेवायचं, लाइट गेलीच तर तेवढं वाढवायचं.

चौकटी आत टाकायच्या आधी पाच-पाचच्या गड्ड्या वर्तमानपत्रात गुंडाळून जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत घातल्या, हवा दाबून काढली, तोंड बांधलं. पिशवी आधी, फ्रीझर मग. का ते बाहेर काढताना कळतं.

४ जून

काल रात्रीच बाहेर काढायच्या होत्या, पण दुपारी तीन-चार तास लाइट नव्हती, म्हणून आज.

बाहेर येताच पिशव्यांवर घाम फुटला, थेंब ओघळायला लागले. हवेतलं बाष्प थंड वस्तूवर जमतं. चौकटी उघड्या असत्या तर तेच पाणी घराघरांत बसलं असतं आणि मग बुरशीची चिंता करायला जुलैची वाट पाहावी लागली नसती. पिशव्या तशाच बांधलेल्या, पंख्याखाली दुसऱ्या दिवसापर्यंत. उघडायची घाई करायची नाही. गोठलेलं मेण पापडासारखं मोडतं, एक कोपरा असा गेलाच.

आता तीन वाटण्या. तीन ठिकाणी ठेवून बघायचं कुठे काय टिकतं :

पिंप : मधाच्या १८, पिलावाच्या ३. झाकणाला रबर आणि कडी असलेलं निळं प्लास्टिकचं पिंप. आत सिलिका जेलचे निळे दाणे मलमलच्या पुरचुंडीत.

माळा : मधाच्या ६, पिलावाच्या ३. चुलीवरच्या माळ्यावर आडव्या दांडीला टांगून, एकमेकींपासून चार बोटं लांब.

पडवी : मधाच्या ६, पिलावाच्या ३. मागच्या पडवीत, वारा-उजेड भरपूर, भोवती मच्छरदाणी. पतंगाला उजेड आणि खेळती हवा आवडत नाही असं म्हणतात, त्याची परीक्षा.

८ जून

मृग लागला, पण यंदा त्याच्यासाठी काही राहिलंच नाही. शेतं आधीच भरली.

२२ जून

पहिली पाहणी. आर्द्रा जोरात.

पडवी : पिलावाच्या तिन्ही पोळ्यांवर परागाच्या जागी हिरवट-पांढरी लव. मधाच्या दोन चौकटींत आंबूस वास. माश्यांनी चाटून कोरडी केली तरी घराच्या तळाशी मधाचा अंश राहतो, आणि मध हवेतलं पाणी ओढतो. पातळ झाला की आंबतो. उजेड आणि वारा ठीक आहेत, पण तो वाराच समुद्रावरून ओला होऊन येतो त्याला काय करणार!

माळा : कोरडं. पोळ्यांवर काजळीचा पातळ थर. चुलीखालून धूर येतो तोवर तिथे काही फिरकत नाही. पण एका चौकटीचा खालचा कोपरा कुरतडलेला, लेंड्या बाजूला. उंदीर. दांडीच्या दोन्ही टोकांना जुन्या डब्यांचे पत्रे कापून गोल चकत्या लावल्या, नारळाच्या झाडाला लावतात तशा.

पिंप उघडलं नाही. बाहेरून दाण्यांची पुरचुंडी दिसावी म्हणून झाकणाला काचेचं भोक असतं तर बरं झालं असतं.

८ जुलै

पडवीत मेणकिडा.

पहिली खूण पोळ्यावर दिसली नाही, खाली दिसली. मच्छरदाणीच्या तळाशी काळ्या बारीक कणांचा भुगा. चौकट उचलून तिरकी धरली तेव्हा पोळ्याच्या मधोमध रेशमी बोगदे, जाळ्यात अडकलेली विष्ठा, आणि हलवताच आत पळणाऱ्या राखाडी अळ्या. पिलावाच्या तिन्हींपैकी दोन पार गेल्या, तिसरीत सुरुवात. मधाच्या चौकटींत एकातही अळी नाही. शेजारी शेजारी टांगलेल्या होत्या तरी.

मच्छरदाणीने मोठा पतंग अडतो. पण मादी जाळीच्या कडेला अंडी घालून जाते, तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर येते, आणि ती इतकी बारीक असते की जाळीचं भोक तिला दरवाजाच वाटावा. फ्रीझरने जुनी अंडी मारली खरी, नवीन येणाऱ्यांना तो काय अडवणार? थंडीचा उपाय हा निर्जंतुक करण्याचा आहे, राखणीचा नाही. राखण वेगळी करावी लागते.

दोन चौकटींच्या लाकडात होडीच्या आकाराचे खळगे. अळी कोष करायच्या वेळी लाकूड कोरून त्यात बसते. जास्त दिवस गेले तर चौकट पोळ्यासकट निकामी.

बाधित पोळी जागीच कापून काढली. अळ्यांवर कोंबड्या तुटून पडल्या. थोड्या भाचरांनी डबीत भरून नेल्या, वहाळात गळाला लावायला. त्यांना म्हणे गांडुळापेक्षा हे आमिष चालतं.

२० जुलै

माश्यांकडे लक्ष. पेट्यांचे पाय ज्या वाट्यांत आहेत त्या पावसाने आपोआप भरलेल्या, त्यामुळे मुंग्यांचा त्रास नाही. एकास एक साखरपाणी संध्याकाळी आत ठेवलं. तळपाटावरचा, म्हणजे पेटीच्या तळाच्या फळीवरचा, मेणाचा भुगा प्रत्येक पेटीतून खरवडून काढला. मेणकिड्याची पैदास खरी इथूनच होते. आपण चौकटी पिंपात बंद करून ठेवतो आणि तळपाटावर त्याला पंगत वाढून ठेवतो.

क्रमांक २ मध्ये तळपाटाच्या फटीत लहान मेणपतंगाच्या अळ्या सापडल्या. आकाराने बारीक, पण जाळं तसंच. फट मेणाने बुजवली.

९ ऑगस्ट

काल-आज नारळी पौर्णिमा. पावसाने उघडीप दिली म्हणून पिंप उघडलं.

पुरचुंडीतले दाणे निम्मे गुलाबी. म्हणजे आत ओल होती, पण दाण्यांनी घेतली. पोळी स्वच्छ, मेणाचा गोड वास. दाणे लोखंडी कढईत मंद आचेवर परतले, निळे झाले, परत पिंपात. ती कढई आता स्वयंपाकाला नाही, या निळ्या दाण्यांतला रंग पोटात जाण्यासारखा नसतो. आईंनी कढईवर कोळशाने फुली मारून ठेवली.

२४ ऑगस्ट

गणपती बुधवारी, २७ ला. चाकरमानी यायला लागले. माळा रिकामा हवा, माटवी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी मांडणी) तिथेच ठेवलेली असते, शिवाय मुंबईहून हे येताना आणखी सामान. भाऊजींनी माटवी काढायला शिडी लावली आणि वरूनच ओरडले, "वहिनी, तुमची पोळी आधी उतरवा, नायतर गणपतीच्या डोक्यावर काजळी येईल."

उतरवल्या त्या निमित्ताने नीट पाहिल्या. मधाच्या सहाही चांगल्या, काळपट. पिलावाच्या तिनांपैकी एकीत जाळी लागलेली, लहान मेणपतंगाची. जूनमध्ये चूल सकाळ-संध्याकाळ पेटायची. जुलैत लाकडं दमट झाली आणि गॅसवर जास्त भागलं. धूर थांबला की माळ्याची राखण संपली. आमच्या आजेसासूबाईंच्या काळी चूल दिवसभर तापलेली असायची, तेव्हा हा माळा खरोखर सुरक्षित असणार. आज गॅस असलेल्या घरात त्याचा भरवसा धरू नये.

उरलेल्या चौकटी पिशव्यांत बांधून परत काकांच्या फ्रीझरात, मग पिंपात. पडवीतल्या मधाच्या चारही त्यांच्याबरोबर. आंबलेल्या दोन आधीच वितळवल्या होत्या.

५ सप्टेंबर

गौरी-गणपतीत काही केलं नाही.

१८ सप्टेंबर

उत्तरा. ऊन-पाऊस. कातळावर तेरडा, सोनकी. भात पोटरीतून बाहेर, भाताच्या तुऱ्यावर सकाळी माश्या परागाला जातात. क्रमांक १ आणि ६ च्या दारात परागाच्या गोळ्या घेऊन आत शिरणाऱ्या माश्या एकामागून एक. वसाहती वाढीला लागल्या.

पिंपाची सविस्तर पाहणी : मधाच्या १८ पैकी १८ चांगल्या. पिलावाच्या तिनांपैकी एकीवर बोटाच्या पेराएवढी बुरशी, नेमकी परागाच्या घरांवर. अळी एकही नाही, जाळं नाही, भुगा नाही.

हिशेब मांडला. मधाच्या ३० पैकी २८ शाबूत, उंदराचा कोपरा धरून. पिलावाच्या ९ पैकी ५ वापरण्याजोग्या, त्यातही एकीची बुरशी खरवडून. तिन्ही ठिकाणी जे बिघडलं ते मुख्यतः पिलावाच्या पोळ्यांत. जागा कुठली यापेक्षा पोळं कुठलं, याला वजन जास्त.

७ ऑक्टोबर

दसऱ्यानंतर उकाडा. क्रमांक १ आणि ६ ला पिलावाची दोन-दोन पोळी दिली, पाचवं क्रमांक ३ ला. माळ्यावरची दोन्ही मुद्दाम क्रमांक १ मध्ये घातली, धुराचा वास माश्यांना चालतो का ते बघायला.

१२ ऑक्टोबर

उत्तर आलं. क्रमांक १ च्या दाराशी काळ्या मेणाचा चुरा सांडलाय. माळ्यावरची पोळी कडेने कुरतडून निम्मी केली आणि त्याच चौकटींत खाली पांढरं नवं बांधायला घेतलंय. राणीने अंडी घातली ती पांढऱ्या भागात आधी. क्रमांक ६ ने पिंपातली दोन्ही स्वीकारली, घरं साफ करून अंडीही आहेत. क्रमांक ३ ने बुरशीच्या जागची घरं तेवढी कापून टाकली.

म्हणजे मी ज्याच्यासाठी पिलावाची पोळी जपली तो फायदा झाला, पण पाचांपैकी जेमतेम तिनांत. त्यासाठी फ्रीझर, पिंपातली जागा, पाहण्या. आईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "मग काय, मी सांगितलं तेव्हा म्हातारी बोलते म्हणालीस."

पुढल्या आगोटीला पिलावाचं एकही रिकामं पोळं ठेवणार नाही. अगदी पांढरं, पहिल्याच वर्षाचं असलं तर अपवाद, आणि तेही पिंपातच.

१६ ऑक्टोबर

काकांना दिवाळीच्या सुट्टीतल्या पर्यटकांसाठी दुकान उघडायचंय, फ्रीझर त्याआधी मोकळा हवा. म्हणून मधाच्या सगळ्या २८ चौकटी शेवटच्या एकदा गोठवून घेतल्या. पाऊस संपला म्हणून मेणकिडा संपत नाही, ऑक्टोबरचा उकाडा त्याला तितकाच मानवतो, आणि मधाच्या कोठ्या चढवायला काजू मोहोरावर यायला हवा. डिसेंबरपर्यंत तरी चौकटी पिंपातच. दाणे बदलले, कडी घट्ट, झाकणाच्या कडेवरून चिकटपट्टी.

काकांना एक बाटली मध. लाइटबिलाचं त्यांनी विचारलं नाही.

१९ ऑक्टोबर

पोळी काढून टाकलेल्या ३१ चौकटींचं लाकूड. ऊन कडक आहे तोवर उरकलं. चाकूने मेण खरवडलं, धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुडवून काढलं, खळ्यात वाळवलं. होडीसारखे खळगे पडलेल्या दोन चौकटी चुलीत. ज्यांच्या तारा गंजल्यात त्या वेगळ्या काढल्या, तार तालुक्याला गेल्यावर आणायची. बाकीच्या २९ सुतळीत ओवून पडवीच्या वाशाला टांगल्या. त्यांना पिंप नको, फ्रीझर नको. मेण नसलेल्या लाकडात किड्याला खायला काही नाही. काजूच्या वेळी मेणपत्र्याची पट्टी लावून सरळ कोठीत जातील.

मेणपत्रे : १५ लागतील. सांगून ठेवायचे.